बिनबुडाच्या खोल कुंड्या: अक्रोड, ओक, हेझलनटची रोपं बीपासून करणाऱ्यांसाठी (तीन हंगाम वापरून)

तीन हंगाम झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण झाडांच्या वस्तूंचे रिव्ह्यू लोक डिलिव्हरीच्या दुसऱ्या दिवशी टाकतात, पॅकिंग छान, क्वालिटी छान, पाच स्टार, आणि रोपाचं पुढे काय झालं ते कुणीच सांगत नाही. आता ह्या कुंड्यांतून निघालेली झाडं जमिनीत उभी आहेत, म्हणून लिहिते. लांबलंय, पण ज्यांना खरंच आपल्या भागातली मूळची नटची झाडं लावायचीत त्यांनी वाचा.

वस्तू काय आहे ते आधी. काळ्या जाड प्लास्टिकच्या चौकोनी कुंड्या, तोंडाशी १० सेंटिमीटर, खाली थोड्या निमुळत्या, खोली ३६ सेंटिमीटर. म्हणजे हात घातला तर कोपरापर्यंत जातो एवढी. बूड नाहीच, खाली नुसती फुलीसारखी पट्टी, माती थांबावी एवढीच. आतून भिंतींवर उभ्या कडा आहेत. अशा १६ कुंड्या एका जाळीदार ट्रेमध्ये उभ्या राहतात. मी ३ ट्रे घेतले, एकात काळा अक्रोड, एकात ओक, एकात हेझलनट, तिन्ही मी राहते त्या भागातली मूळची झाडं. ट्रेवर बसवायची तारेची जाळी वेगळी घ्यावी लागते, ती मी पहिल्यांदा घेतली नाही, त्याचं पुढे सांगते.

एवढी खोल कुंडी कशाला असं घरात पण विचारलं मला. त्याचं उत्तर माझ्याकडे आधीच्या पाच वर्षांचं होतं. एका नर्सरीतून काळ्या अक्रोडाची सहा रोपं आणली होती, दोन वर्षांची, हिरवीगार, कमरेएवढी, साध्या गोल पिशव्यांत. लावली, पाणी घातलं, पालापाचोळ्याचं आच्छादन केलं, तण काढलं. पहिल्या वर्षी वाढ नाही, दुसऱ्या वर्षी नाही, लोक म्हणाले थांब, झाडाला वेळ लागतो. चौथ्या वर्षी वादळी पावसात दोन आडवी झाली आणि उपटून बघितलं तर मुळांची चक्क चुंबळ झालेली! पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरून एकमेकांना आवळून बसलेली मुळं, आणि त्या चुंबळीतून बाहेर जमिनीत गेलेली जाड मुळं फक्त तीन. पिशवी मी फाडून काढली होती तरी झाड चार वर्षं पिशवीतच राहिलं होतं. बाकीची चारही तशीच एकेक करून गेली. इतकं वाईट वाटलं, कारण झाडात काही दोष नव्हता, जमीन चांगली होती, फक्त लहानपणी त्याला खाली जायला जागा मिळाली नव्हती.

नटची बहुतेक मोठी झाडं आधी खाली जातात आणि मग वर येतात हे समजून घेतलं की सगळं कळतं. ओकचं बी रुजतं तेव्हा वर काही दिसायच्या आधीच सोटमूळ चांगलं वीतभर खाली गेलेलं असतं. काळा अक्रोड मोकळ्या खोल जमिनीत पहिल्याच वर्षी मीटरभर खाली जाऊ शकतो आणि वर मात्र वीत-दोन वीत दिसतो. हे सगळं तो बीमधल्या साठ्यावर करतो, बी मातीतच राहतं आणि त्यातून रोप खात असतं. अशा झाडाला १५ सेंटिमीटरच्या पिशवीत ठेवलं की तळ लागला की मूळ वळतं, आणि एकदा वळलेलं मूळ नंतर सरळ होत नाही, उलट जाड होत होत बुंध्याचाच गळा आवळतं.

बिनबुडाच्या कुंडीत काय होतं तर मूळ ३६ सेंटिमीटर सरळ खाली येतं, तिथे माती संपते आणि हवा लागते, टोक सुकतं. टोक सुकलं की मागच्या भागातून बारीक मुळं फुटायला लागतात, शेंडा खुडला की फांद्या फुटतात तसंच. आणि भिंतीवरच्या त्या उभ्या कडांमुळे आडवं मूळ गोल फिरत नाही, कडेला आपटून खाली वळतं. मी पहिल्यांदा ओकचं रोप बाहेर काढलं तो क्षण लक्षात आहे, कुंडी उलटी केली, हलकं ठोकलं आणि मातीचा सबंध खांब हातात आला, चारही बाजूंनी पांढरी मुळं सरळ उभ्या रेघांसारखी खाली गेलेली आणि तळाशी तपकिरी सुकलेली टोकं, टाचणीच्या डोक्याएवढी. एक पण मूळ वळलेलं नाही. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं.

पण हे दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी हे झालं नाही आणि त्याचा दोष मी कंपनीला देते. सोबतच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही की ट्रे जमिनीपासून उचलून ठेवायचा असतो. मी सरळ मातीवर ठेवले. खाली हवा लागलीच नाही, मुळं कुंडीतून निघून जमिनीत शिरली, आणि रोपं हलवायची वेळ आली तेव्हा ट्रे हलेना. ओढून काढताना सोटमुळं तुटली, तुटल्याचा आवाज येत होता. त्या वर्षीची सगळीच ओकची रोपं दोन महिने मान टाकून होती, १४ पैकी ५ गेली. कुंडीचं सगळं काम ज्या एका गोष्टीवर चालतं तीच कागदावर नाही, आणि रंगीत फोटो मात्र चार. मी त्यांना कळवलं, उत्तर नीट आलं, पण कागद अजून तोच आहे असं दुसऱ्या वेळी मागवलं तेव्हा दिसलं. तर तुम्ही घेतलंत तर ट्रेखाली विटा लावा, किमान १० सेंटिमीटर मोकळी हवा पाहिजे, आणि विटा कडेला लावा, कुंड्यांच्या उघड्या तळाखाली नको.

आता खारीचं. पहिल्या वर्षी १६ पैकी ११ अक्रोड रुजले होते. एक दिवस सकाळी बघते तर ९ रोपं बाजूला पडलेली, कोंब शाबूत, पानं शाबूत, खालचा अक्रोड गायब. खारीला रोप नको असतं, तिला बीमधला उरलेला गर हवा असतो, आणि हिरवा कोंब म्हणजे तिच्यासाठी खाली काय पुरलंय त्याची पाटीच. राग आला, पण तिचं पण बरोबरच आहे, जंगलात ही झाडं लावते तीच. एकेक बी वेगवेगळ्या जागी पुरून ठेवते आणि सगळीच काढत नाही, राहिलेल्यातून झाडं होतात. ओकच्या बाबतीत तर करड्या खारी इतक्या हुशार की ज्या जातीचं बी पडल्या पडल्या रुजतं, म्हणजे पांढरा ओक, त्याचा अंकुर कुरतडून मग पुरतात, म्हणजे ते रुजून साठा संपवणार नाही. आणि ब्लू जे नावाचे निळे पक्षी ओकची फळं घशात भरून लांब लांब नेऊन पुरतात.

तर जाळी घ्याच. जाळीची भोकं १२ मिलिमीटरची आहेत, खार आणि मोठे उंदीर दोन्ही अडतात. दोष एकच, जाळी कुंडीच्या तोंडापासून फक्त ५ सेंटिमीटर वर आहे, त्यामुळे कोंब भराभर वाढला की भोकातून बाहेर येतो आणि मग जाळी काढताना शेंडा मोडतो. अक्रोडाचा कोंब तर चार-पाच दिवसांत तिथे पोचतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत जाळी काढायची सोय नसते कारण बीमध्ये गर बाकी असतो. मी शेवटी ट्रेच्या चार कोपऱ्यांना काठ्या बांधून जाळी हातभर वर नेली आणि बाजूंनी वेगळी जाळी गुंडाळली. जाळीची किंमत घेता तर ती उंच द्या ना, एवढंच म्हणणं आहे माझं.

पाण्याचं पण सांगायला पाहिजे. अरुंद आणि काळी कुंडी, त्यामुळे उन्हात वरची माती दुपारपर्यंत खडखडीत होते आणि तळाला मात्र ओल असते. वरून बघून पाणी घातलं की तळाला जास्त होतं, नाही घातलं की लहान आडवी मुळं सुकतात. मी कुंडी उचलून वजनावरून ठरवते, आठवडाभरात हाताला सवय होते. कडक उन्हाच्या दिवसात बाहेरच्या रांगेतल्या कुंड्या तापतात, ट्रेभोवती पांढरं कापड लावलं तेव्हा फरक पडला. नुसतं कोकोपीट भरू नका, एकदा पूर्ण सुकलं की पाणीच धरत नाही आणि सगळं पाणी कडेने खाली निघून जातं. मी बागेची माती, चाळलेलं कंपोस्ट आणि जाडी वाळू घेते आणि त्यात त्याच जातीच्या मोठ्या झाडाखालची मूठभर माती घालते, कारण ओक, हेझलनट, हिकरी (अक्रोडाच्याच कुळातलं नटचं झाड) ह्यांच्या मुळांना बुरशीची सोबत लागते आणि ती त्या मातीत आयती असते.

कुंडी कितीही चांगली असली तरी बी खराब असेल तर काही उपयोग नाही, आणि ह्यात नवीन लोक फार फसतात म्हणून थोडं लिहिते. दुकानातले खायचे नट लावू नका, भाजलेले किंवा पूर्ण वाळवलेले असतात आणि कुठल्या झाडाचे ते कळत नाही. आपल्या जवळच्या तगड्या झाडाखालचे ताजे पडलेले गोळा करा. पाण्यात टाका, तरंगतील ते बहुतेक पोकळ किंवा किडके असतात. कवचाला बारीक गोल भोक असेल तर अळी खाऊन बाहेर गेली समजा. ओक आणि चेस्टनटचं बी वाळलं की मरतं, ते गोळा केल्या दिवशीच ओलसर ठेवायला लागतं. काळ्या अक्रोडाची हिरवी साल लगेच काढा, हातमोजे घालून, नाहीतर बोटं दोन आठवडे काळी राहतात, आणि खायला ठेवायचे असतील तरी साल लगेच काढायचीच, नाहीतर गर काळा आणि कडू होतो.

मग थंडी. बहुतेक नटच्या बियांना ओलसर थंडीत राहिल्याशिवाय जाग येत नाही, काळ्या अक्रोडाला तीन ते चार महिने, हेझलनटला तेवढेच किंवा जास्तच. मी ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवते, १ ते ५ अंशात, पिशवीवर तारीख आणि झाड लिहून, आणि दर पंधरा दिवसांनी बुरशी बघते. पहिल्या वर्षी हेझलनट मी दोनच महिन्यांत काढले, १६ पैकी ६ रुजले. पुढच्या वर्षी साडेचार महिने ठेवले तर १३. कुंडी तीच, माती तीच. लावताना बी आडवं ठेवायचं आणि बीच्या जाडीच्या दुपटीपेक्षा खोल नाही.

आता मुख्य प्रश्न, उपयोग झाला का. हो, झाला. पहिल्या वर्षीच्या तुटक्या मुळांच्या ओकांतले ९ जगले पण अजून रडतखडत आहेत. दुसऱ्या वर्षीचे, म्हणजे विटांवर वाढवलेले १५ ओक मी त्यांच्याच शेजारी लावले आणि सगळे जगले, आणि वयाने लहान असून आज पहिल्यांपेक्षा उंच आहेत. दुसऱ्या वर्षीचे १३ अक्रोड लावले त्यातले १२ उभे आहेत. गेल्या उन्हाळ्यात सहा आठवडे पाऊस नव्हता, तेव्हा पाण्याची बादली मी फक्त पिशवीतून आणलेल्या इतर रोपांकडे नेत होते, ह्यांच्याकडे जायची गरज पडली नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची तर ज्याला थेट जमिनीत बी लावून वरून तारेचा पिंजरा पुरता येतो त्याने ह्या कुंड्या नाही घेतल्या तरी चालेल. सोटमुळाला त्यापेक्षा चांगलं काहीच नाही. पण खारी-उंदीर फार असतील, जागा लांब असेल, रोज बघता येत नसेल, किंवा बी थोडंच मिळालं असेल तर कुंडीच बरी. मला जवळपास एकच चांगलं हेझलनटचं झुडूप माहीत होतं आणि त्याची मूठभरच फळं मिळाली, ती जमिनीत घालायची हिंमत झाली नसती.

ह्यांच्याच दुकानातल्या रोपाभोवतीच्या उंच प्लास्टिक नळ्या पण मी १० घेतल्या, १.२ मीटरच्या. ही कल्पना ब्रिटनमध्ये ग्रॅहम टुली यांनी १९७९ मध्ये ओकवर करून बघितली आणि हरणांपासून रोप वाचवायला ती खरंच चांगली आहे, आत उबदार राहून रोप भरभर वाढतं. पण माझी रोपं वाढली ती सडपातळ, नळी काढल्यावर वाकली, दोघांना काठीचा आधार द्यावा लागला. शिवाय वरचं तोंड उघडं, त्यात छोटे पक्षी पडतात आणि बाहेर येता येत नाही. मला एक मेलेला सापडला आणि त्याच दिवशी मी सगळ्या नळ्यांवर बारीक जाळी बांधली. जी झाडं आपण पक्ष्या-प्राण्यांसाठी लावतोय त्यांच्याभोवतीच असं होणं मला सहन झालं नाही. नळ्यांना २ स्टार. त्यापेक्षा रोपाभोवती रुंद तारेचा पिंजरा करा, हवा लागते आणि खोड वाऱ्याने हलून जाड होतं.

काही जणांनी विचारलंय की एवढं करण्यापेक्षा दुसऱ्या देशातली मोठ्या फळांची कलमं आणून का नाही लावत. लावा, खायला लवकर मिळेल. पण मी बीवर आणि इथल्याच झाडांवर अडून बसते त्याला कारण आहे. अमेरिकेत चेस्टनटची जंगलंच्या जंगलं होती, लाकूड न कुजणारं, फळ दरवर्षी भरवशाचं, त्यावर माणसं, डुकरं, टर्की, अस्वलं सगळे जगायचे. आशियातून आणलेल्या झाडांबरोबर एक बुरशी आली, १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयात पहिल्यांदा लक्षात आली आणि पन्नासेक वर्षांत अंदाजे ३ ते ४ अब्ज झाडं गेली. मुळं अजून जिवंत आहेत, कोंब येतात, थोडे मोठे झाले की साल फुटते आणि पुन्हा मरतात. हे वाचल्यापासून बाहेरून मातीसकट आलेलं रोप मी आणत नाही. शेजारच्या झाडाचं बी आणि आपली माती, एवढ्यात भागतं.

आणि धीर पाहिजे हे खरंच. हेझलनट तीन ते पाच वर्षांत फळ देतं, पण दोन वेगळी झुडपं लागतात, स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. बीचा काळा अक्रोड आठ-दहा वर्षांनी धरायला लागतो. हिकरीतली शॅगबार्क नावाची जात तर चाळीस वर्षं पण घेऊ शकते. लाकूड म्हणाल तर चांगल्या काळ्या अक्रोडाला ६० ते ८० वर्षं, आणि त्यासाठी लहानपणापासून खोडाच्या खालच्या फांद्या बारीक असतानाच काढायच्या, म्हणजे लाकडात गाठी राहत नाहीत. फळासाठी झाड पसरट पाहिजे, लाकडासाठी सरळ उंच, दोन्ही एका झाडातून पूर्ण मिळत नाही. मी १२ पैकी ४ अक्रोड जवळजवळ लावलेत, लाकडासाठी, बाकीचे लांब लांब. टोमॅटो-बटाट्याचे वाफे त्यांच्यापासून लांब नेले, कारण अक्रोडाच्या मुळांतून आणि पानांतून जुग्लोन नावाचं द्रव्य निघतं, काही झाडांना ते विषारी असतं, आणि टोमॅटो उभ्या उभ्या सुकतो. हे ज्यांच्याकडे छोटी बाग आहे त्यांनी लावायच्या आधी बघा, नंतर झाड हलवता येत नाही.

कुंड्यांच्या टिकाऊपणाबद्दल: ४८ पैकी ३ फुटल्या, तिन्ही थंडीत बाहेर राहिलेल्या. बाकीच्या धुवून परत वापरते. ट्रे मजबूत आहेत, भरलेला ट्रे एकटीने उचलवत नाही, दोघं लागतात.

कुंड्यांना ५ पैकी ४, तो एक कागदावर विटांचं न लिहिल्याचा. जाळीला ३. ह्या वर्षी पहिल्यांदा एका हेझलनटला तुरे आलेत, पिवळे, बोटाएवढे, आणि चार पावलांवर दुसऱ्या झुडपाच्या कळ्यांच्या टोकाला तांबडे बारीक धागे दिसतायत, भिंग लावून बघितले. फ्रिजमध्ये शॅगबार्कच्या २० बिया वाळूत आहेत, त्या काढायला अजून नऊ आठवडे, आणि चौथा ट्रे कालच मागवला, ह्या वेळी जाळीसकट.